कमिन्सच्या गावाला आलात? मग कोलंबस असं पाहा

कमिन्स ही डिझेल इंजिनं बनवणारी अमेरिकन कंपनी, आणि इंडियाना राज्यातलं कोलंबस हे तिचं गाव. १९६२ साली कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून पुण्याचं कोलंबसशी नातं आहे. कुणी दोन-तीन वर्षांच्या कामासाठी येतं, कुणी कायमचं राहतं, आणि मागोमाग उन्हाळ्यात आईबाबा किंवा सासूसासरे येतात. मग ठरलेला कार्यक्रम होतो. एका शनिवारी शिकागो, एका शनिवारी एडिनबर्गचं आउटलेट मॉल, आणि गावात काय आहे असं विचारलं की उत्तर येतं, "इथे काही नाही हो, मक्याची शेतं."

हे उत्तर खोटं आहे. जेमतेम पन्नास हजार वस्तीच्या या गावात सात इमारतींना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने वास्तुकलेसाठी देशातल्या शहरांचा क्रम लावला, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क यांच्या पंगतीत कोलंबस सहावं आलं. गोम एवढीच, की इथे बघायच्या गोष्टी म्हणजे लायब्ररी, बँक, शाळा, चर्च आणि अग्निशमन केंद्र. त्या रोजच्या वापरात आहेत. त्यांना तिकीटखिडकी नाही, बाहेर फलक लहान, आणि कुठे आत जायचं, कुठे नुसतं बाहेरून बघायचं हे कुणी सांगत नाही. इथे राहून, घरी येणाऱ्या पाहुण्यांना फिरवून जे कळलं ते क्रमाने सांगते.

१. आधी कोलंबस नक्की करा

ओहायो राज्याची राजधानीही कोलंबस आहे, आणि ती या कोलंबसपेक्षा कितीतरी मोठी आहे. हॉटेल किंवा गाडी आरक्षित करताना नुसतं कोलंबस टाकलंत तर बहुतेक वेळा ओहायोच समोर येतं. दोन्ही गावांमध्ये साधारण तीन तासांचं अंतर आहे. म्हणून पत्त्यात राज्याचं नाव आणि आय एन ही अक्षरं दोनदा तपासा. हाच घोळ शेजारच्या नॅशव्हिलचा. इंडियानातलं नॅशव्हिल इथून अर्ध्या तासावर आहे, टेनेसीतलं दुसऱ्या राज्यात.

इथे प्रवासी विमान उतरत नाही आणि प्रवासी रेल्वेही नाही. इंडियानापोलिसच्या विमानतळावर उतरायचं आणि आय-६५ महामार्गाने दक्षिणेला यायचं. विमानतळापासून साधारण तासाभराचा रस्ता आहे. बाहेर पडायचं ते ६८ क्रमांकाच्या एक्झिटला. महामार्गावर मोठी लाल कमान दिसली की आलात. ७६ क्रमांकाला उतरलात तर आउटलेट मॉल लागतं आणि दुपार तिथेच जाते.

शिकागोहून येणार असाल तर घड्याळ सांभाळा. शिकागो सेंट्रल वेळेवर चालतं, कोलंबस ईस्टर्न वेळेवर. येताना एक तास हातचा जातो. सकाळी दहाची टूर गाठायची म्हणून शिकागोतून पहाटे पाचला निघालेली मंडळी चार तासांचा रस्ता धरून नऊला पोचायचा हिशोब करतात. प्रत्यक्षात इथे दहा वाजलेले असतात.

२. मिलर हाउसचं तिकीट काढा, बाकी दिवस त्याभोवती बसवा

कोलंबसमध्ये तिकिटाविना अडेल अशी मुख्य गोष्ट एकच, मिलर हाउस. कमिन्सचे एके काळचे अध्यक्ष जे. अर्विन मिलर आणि त्यांची पत्नी झीनिया यांचं हे राहतं घर. १९५७ साली पूर्ण झालं. रचना ईरो सारिनेन यांची, अंतर्गत सजावट अलेक्झांडर गिरार्ड यांची आणि बाग डॅन कायली यांची. या तिघांपैकी एकाचं काम बघायला लोक देश ओलांडून जातात, इथे तिघं एका कुंपणात आहेत. घर आता इंडियानापोलिसच्या कला संग्रहालयाकडे आहे आणि २०११ पासून लोकांसाठी खुलं आहे.

तिकीट ऑनलाइन, आगाऊ. एका गटात मोजकीच माणसं नेतात, त्यामुळे शनिवार-रविवारच्या आणि ऑक्टोबरमधल्या जागा लवकर संपतात. "जाऊ आणि बघू" हे इथे चालत नाही. सगळ्यात जास्त गडबड होते ती पत्त्याची. टूर मिलर हाउसच्या दारातून सुरू होत नाही. फिफ्थ स्ट्रीटवरच्या व्हिजिटर्स सेंटरला जमायचं, तिथून गाडीने नेतात. घर राहत्या वस्तीत आहे, तिथे स्वतःची गाडी घेऊन घुटमळू नका. लहान मुलं बरोबर असतील तर वयाची अट बुकिंग करतानाच वाचा. फोटोंचे नियमही विचारून घ्या, दारात उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

आत गेल्यावर काय बघाल? दिवाणखान्याच्या मधोमध चौकोनी खड्डा आहे, पायऱ्या उतरून आत जायचं आणि कडेने गाद्या-तक्क्यांवर बसायचं. त्यातल्या उश्यांचे अभ्रे ऋतूप्रमाणे बदलायचे. एक पन्नास फूट लांबीची भिंत आहे, ती सगळी पुस्तकं, मूर्ती, चिजा ठेवायच्या कप्प्यांची. आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना त्या खड्ड्याचं पहिल्यांदा हसू येतं, आणि मग गुडघ्यांचं काय करत असतील हा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. बागेत मात्र सगळे गप्प होतात. हनीलोकस्ट झाडांची एक सरळ रांग घराच्या पश्चिम बाजूने जाते, तिच्याखालून चालताना घर आणि बाग वेगळी काढता येत नाही.

३. वार जपून निवडा

कार्यालयांच्या इमारती सोमवार ते शुक्रवार उघड्या, चर्च रविवारी सकाळी हमखास उघडी, छोट्या दुकानांपैकी बरीच रविवार-सोमवार बंद. सगळं एका दिवसात उघडं सापडेल असा वार नाही. मला विचाराल तर शुक्रवार दुपार आणि शनिवार ही जोडी चांगली. शुक्रवारी कमिन्सची इमारत आणि लायब्ररी, शनिवारी मिलर हाउस आणि बाकीचं. निव्वळ रविवारी आलात तर गाव रिकामं वाटेल. रविवारी सार्वजनिक बसच्या भरवशावरही राहू नका.

महिना म्हणाल तर मे किंवा ऑक्टोबर. जुलैत हवा दमट असते आणि ऊन लागतं, जानेवारीत बर्फावरून चालत इमारती बघण्यात मजा नाही. विषम सालांत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत एक्झिबिट कोलंबस हे प्रदर्शन असतं. जुन्या इमारतींच्या अंगणात, हिरवळीवर नवे रचनाकार तात्पुरत्या कलाकृती उभारतात. तेव्हा आलात तर दुप्पट बघायला मिळतं.

४. सोबत काय घ्याल

- मिलर हाउसच्या तिकिटाची प्रत, फोनमध्ये आणि शक्यतो कागदावरही.
- फोटो असलेलं ओळखपत्र. व्हिसावर आलेल्या पाहुण्यांनी पासपोर्टची प्रत आणि विम्याचं कार्ड जवळ ठेवावं.
- गाडी. मधलं गाव पायी होतं, पण निम्म्या चांगल्या गोष्टी दोन-तीन मैलांवर विखुरलेल्या आहेत.
- व्हिजिटर्स सेंटरमधला नकाशा. फोनवरच्या नकाशात इमारत सापडते, पण ती कुणी बांधली आणि आत जाता येतं का हे कळत नाही.
- चालायचे बूट, पाण्याची बाटली, आणि एप्रिल-मेमध्ये छत्री.

गाडी लावताना रस्त्यावरच्या पाट्या वाचा. किती तास लावायची ते प्रत्येक रस्त्यावर वेगळं आहे.

५. फिफ्थ स्ट्रीटपासून सुरुवात करा

व्हिजिटर्स सेंटर हे स्वतःच १८६४ सालचं जुनं घर आहे. १९९५ साली केविन रोश यांनी त्याचा विस्तार केला. आत डेल चिहुली यांचं पिवळ्या काचेचं प्रचंड झुंबर आहे. माहिती सांगणाऱ्या टूर इथूनच निघतात. पहिल्यांदाच येत असाल तर एक टूर घ्या, नंतर आपलं आपण हिंडा.

बाहेर पडलात की लगतच लायब्ररी. आय. एम. पेई यांनी रचलेली, १९६९ सालची. पुढच्या चौकात हेन्री मूर यांची कांस्याची वीस फुटी कमान आहे, १९७१ साली बसवलेली. तिच्याखालून खुशाल चाला, मुलं धावतात. लायब्ररीत कुणालाही मोफत प्रवेश आहे. पाणी, स्वच्छतागृह, बसायला जागा, सगळं मिळतं, त्यामुळे ज्येष्ठांना विसावा द्यायला याहून चांगली जागा गावात नाही.

समोर फर्स्ट ख्रिश्चन चर्च. इथे वेळ द्या. १९४२ साली पूर्ण झालेलं हे चर्च ईरो यांचे वडील एलिएल सारिनेन यांचं. चर्च म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी टोकदार कमान, रंगीत काच, घुमट, यातलं काहीच नाही. साधी विटांची पेटी, आणि बाजूला १६६ फुटी मनोरा. त्या काळच्या लोकांना हा कारखाना वाटला असेल तर नवल नाही. अमेरिकेत आधुनिक पद्धतीने बांधलेल्या पहिल्या काही चर्चमध्ये याची गणना होते. आत गेलात तर क्रॉस मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेला आहे हे बघा. एलिएल आणि त्यांच्या पत्नी लोया यांनी केलेला विणलेला भित्तिपटही तिथे आहे.

आपल्या मंडळींचा इथे पाय अडखळतो. "आपल्याला चालेल का?" आणि "चपला कुठे काढायच्या?" हे दोन प्रश्न दारातच येतात. चालतं, आणि चपला काढायच्या नाहीत. टोपी काढा, आवाज खाली ठेवा, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा किंवा नंतर या. दार बंद असेल तर ठोठावत बसू नका, आधी चर्चच्या कार्यालयाला फोन करून वेळ विचारणं सोपं.

वडिलांचं चर्च पाहिल्यावर मुलाची बँक बघा. वॉशिंग्टन स्ट्रीटवरची ही अर्विन युनियन बँक १९५४ सालची. त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब आणि जाळीमागचा कारकून. ईरो यांनी काचेच्या भिंती केल्या, जाळ्या काढून टाकल्या आणि सपाट छतावर नऊ बुटके घुमट बसवले. घुमटांवरून गावाने तेव्हा चावट विनोद केले, ते तुम्हाला टूरवर ऐकायला मिळतील. आता ही इमारत कमिन्सच्या सभांसाठी वापरतात. बाहेरून काचेतून बरंच दिसतं, तेवढं पुरे.

६. हे सगळं इथेच का, ते कमिन्सच्या दारात कळेल

क्लेसी कमिन्स हा अर्विन कुटुंबाचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्याच्या डिझेल इंजिनाच्या नादावर बँकर डब्ल्यू. जी. अर्विन यांनी पैसे लावले आणि १९१९ साली कंपनी सुरू झाली. अर्विन यांच्या कुटुंबातलेच जे. अर्विन मिलर यांनी पुढे ती मोठी केली. पण मक्याच्या शेतांमधल्या गावात चांगले इंजिनियर येणार कसे आणि टिकणार कसे? दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली होती, शाळा घाईघाईने आणि सुमार बांधल्या जात होत्या. मिलर यांनी तोडगा काढला. गावाने सार्वजनिक इमारत बांधायची, खर्च गावाचा. वास्तुरचनाकार मात्र कमिन्स फाउंडेशनने दिलेल्या नामवंतांच्या यादीतून निवडायचा, मग त्याची फी फाउंडेशन भरणार. १९५७ सालची श्मिट प्राथमिक शाळा ही या योजनेतली पहिली इमारत, हॅरी वीज यांची. पुढे शाळा, अग्निशमन केंद्रं, अशी रांगच लागली.

म्हणजे ही सगळी हौस आपल्यासारख्यांना गावात ओढून आणण्यासाठी होती. इथल्या भारतीय वस्तीकडे बघता बेत फसला असं म्हणता येणार नाही.

कंपनीचं मुख्य कार्यालय केविन रोश यांचं, १९८३ सालचं. ते सेरेलाइन नावाच्या जुन्या विटांच्या गिरणीला कवेत घेऊन बांधलंय. या गिरणीत एकोणिसाव्या शतकात मक्यापासून न्याहारीचं खाद्य बनवत. पुढे कमिन्सचं सुरुवातीचं काम याच जागेत झालं. दर्शनी दालनात एक इंजिन आहे, भाग न् भाग सुटा करून जागच्या जागी हवेत टांगलेलं. इंजिनियर मंडळी इथून हलत नाहीत, बरोबरच्यांनी तेवढा वेळ धरून ठेवावा. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात जा आणि स्वागतकक्षात विचारूनच पुढे व्हा. तुमच्याकडे कंपनीचं ओळखपत्र असलं तरी पाहुण्यांना आतल्या भागात नेता येईल असं गृहीत धरू नका.

७. वॉशिंग्टन स्ट्रीटवर जेवण, आइस्क्रीम आणि एक स्मारक

झाहाराकोस हे आइस्क्रीम पार्लर १९०० साली तीन ग्रीक भावांनी काढलं. आत संगमरवरी सोडा फाउंटन आहेत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक वाजणारं यंत्र आहे, एकटंच अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज काढतं. २००६ साली बंद पडलेलं दुकान २००९ साली जुन्या रूपात पुन्हा उघडलं. सूचना एकच. इथलं गॉम नावाचं प्रसिद्ध सँडविच गोमांसाचं असतं. नावावरून काही कळत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारा. शाकाहारी पाहुण्यांनी सरळ आइस्क्रीमकडे वळावं. शाकाहारी जेवणाची गावात पंचाईत नाही, पण ते या रस्त्यावर नसून बाहेरच्या भागात, गाडीने जावं लागेल अशा ठिकाणी जास्त मिळतं. डबा बरोबर असेल तर मिल रेस पार्कमध्ये खा.

मुलं असतील तर कॉमन्स या इमारतीत शिरा. चढायला-उतरायला मोठं बंदिस्त खेळाचं रान आहे, मोफत. तिथेच जाँ टिंगेली यांचं केऑस वन हे १९७४ सालचं हलतं शिल्प आहे, भंगाराचं, चाकं फिरतात आणि गोळे घरंगळतात. पावसाच्या दिवशी तासभर आरामात जातो. जवळच किड्सकॉमन्स हे मुलांचं संग्रहालय आहे. तिथला महाकाय संडास, ज्यातून मुलं घसरत खाली जातात, हा गावातल्या पोरांचा सर्वांत लाडका वास्तुप्रकार आहे.

रस्त्याच्या दक्षिण टोकाला १८७४ सालचं न्यायालय आणि त्याच्या आवारात युद्धस्मारक. चुनखडीचे चाळीस फुटी पंचवीस खांब दाटीने उभे आहेत. लांबून फोटो काढून परत फिरू नका, खांबांच्या मधे शिरा. विसाव्या शतकातल्या युद्धांमध्ये मेलेल्या इथल्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, आणि काहींनी घरी लिहिलेली पत्रंही. कुणी हवेची चौकशी करतो, कुणी पीक कसं आहे विचारतो. इंग्रजी वाचायला अडणाऱ्या आजी-आजोबांना एखादं पत्र मराठीत सांगून दाखवा. आमच्या घरच्यांना मिलर हाउसपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

मिल रेस पार्क इथून जवळ आहे. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या नद्या गावापाशीच मिळतात, त्यामुळे मोठ्या पावसानंतर पार्कमध्ये पाणी शिरतं आणि रस्ते बंद होतात. वसंतात जाणार असाल तर आदल्या दिवशीचा पाऊस लक्षात घ्या. अडथळा लावलेला असेल तर गाडी पुढे घालू नका.

८. गाडीने विखुरलेली ठिकाणं

नॉर्थ ख्रिश्चन चर्च चुकवू नका. ईरो सारिनेन यांच्या शेवटच्या रचनांपैकी ही एक. ते १९६१ साली गेले, चर्च १९६४ साली पूर्ण झालं. षटकोनी बैठं छप्पर आणि त्याच्या मधोमध आभाळात घुसणारा १९२ फुटी सुळका. आत वरून येणारा प्रकाश मधल्या वेदीवर पडतो आणि बाकं चारी बाजूंनी तिच्याभोवती. भाविकांची संख्या घटत गेली आणि २०२२ साली तिथला भाविकांचा संघ विसर्जित झाला. नंतर वास्तू सार्वजनिक लायब्ररीकडे आली. आत कधी जाता येतं ते व्हिजिटर्स सेंटरमध्ये विचारून निघा. दार बंद मिळालं तरी झाडांमधून भोवती चालायला हरकत नाही.

चौथ्या क्रमांकाचं अग्निशमन केंद्र रॉबर्ट व्हेंचुरी यांचं. पांढऱ्या विटांचा दर्शनी भाग आणि मनोऱ्यावर भला मोठा चारचा आकडा. पाच मिनिटांचं काम. गाडी दारांसमोर लावू नका, बंब कधीही निघतो.

शाळांच्या बाबतीत नियम कडक समजा. शाळा चालू असताना आवारात जायचं नाही, मुलं दिसतील असे फोटो काढायचे नाहीत. आपल्याकडे "जरा बघून येतो" म्हटलं की शिपाई सोडतो, इथे पोलिसांना फोन जाऊ शकतो. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरून बघा.

९. अर्धा दिवस उरला तर

उत्तरेला कॅम्प ॲटरबरीपाशी एक इवलंसं चॅपल आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे ठेवलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी ते स्वतः बांधलं आणि आतून रंगवलं. मोठी इमारत नाही, पण इतिहासात रस असलेल्यांनी वळसा घालावा. लष्करी हद्द जवळ आहे, तेव्हा पाट्या पाळा.

नाहीतर ४६ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला ब्राउन काउंटीत जा. सपाट शेतं संपून टेकड्या सुरू होतात, राज्य उद्यान आहे, आणि नॅशव्हिल गावात चित्रकारांची दुकानं. ऑक्टोबरमधल्या शनिवारी पानांचे रंग बघायला अर्धं इंडियाना तिथे लोटतं आणि दोनपदरी रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. पाहुण्यांची सोय बघून मधला वार धरा. शनिवारच असेल तर सकाळी आठच्या आत उद्यानाच्या फाटकातून आत असा, आणि प्रवेशशुल्क राज्याबाहेरच्या नंबरप्लेटला जास्त पडतं, म्हणून शक्य असेल तर इंडियानाची गाडी न्या.